कारखान्याचं आयटी तुमच्याकडे आलंय? सोलापुरातल्या नव्या माणसासाठी पहिल्या सहा महिन्यांचं काम

अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीतला टॉवेल कारखाना असो, युनिफॉर्म शिवणारं युनिट असो की शहरातलं पन्नास खाटांचं हॉस्पिटल, आयटीची जबाबदारी बहुतेक वेळा एकाच पद्धतीने येते. मालक केबिनमध्ये बोलावतात आणि म्हणतात, "आजपासून कॉम्प्युटरचं सगळं तुम्ही बघा." 'सगळं' म्हणजे काय, हे कुणी लिहून देत नाही. हा लेख त्या माणसासाठी आहे. तुम्ही इंजिनिअर असाल, अकाउंट्समधून आला असाल किंवा आधी हार्डवेअरचं काम करत असाल, तरी सुरुवातीची वाट तीच.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. पहिल्या सहा महिन्यांत नवं काही विकत घ्यायची घाई करू नका. काम नेमकं कुठे अडतं, किल्ल्या कुणाच्या हातात आहेत आणि बंद पडलं तर परत उभं कसं राहायचं, हे तीन प्रश्न आधी सोडवा. आयटीची रणनीती म्हणून जे मोठं प्रकरण सांगितलं जातं, ते या तीन उत्तरांमधूनच निघतं. ज्यांनी आधी सॉफ्टवेअर घेतलं आणि नंतर हे प्रश्न विचारले, त्यांच्याकडे आजही महागडं सॉफ्टवेअर आणि त्याच्या शेजारी जुनी वही, दोन्ही चालू असलेली दिसतात.

पहिला आठवडा: एका ऑर्डरच्या मागे चाला

संगणक मोजायला नंतरही वेळ आहे. आधी एक चालू ऑर्डर निवडा आणि सुताच्या खरेदीपासून गिऱ्हाइकाचे पैसे जमा होईपर्यंत तिच्या मागे फिरा. गेटवर वजन कोण लिहितं, स्टोअरमध्ये ते कशात चढतं, डाईंगला लॉट नंबर कोण देतं, लूमवरचं उत्पादन शिफ्ट संपताना कुठे नोंदलं जातं, पॅकिंगची यादी कोण बनवतं, हे सगळं लिहून काढा. बहुतेक ठिकाणी असं दिसेल की सुताचं तेच वजन गेटच्या वहीत, स्टोअरच्या एक्सेलमध्ये आणि टॅलीत असं तीनदा लिहिलं जातं आणि महिनाअखेरीला तिन्ही आकडे वेगळे येतात. ही जागा लाल पेनाने खूण करून ठेवा. पुढे पैसे खर्च करायचे झाले तर ते इथे करायचे आहेत.

प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न विचारा: "हे दोन तास बंद पडलं तर काय होईल?" डिझायनर म्हणेल, काही नाही, उद्या करू. पगाराचं काम करणारा म्हणेल, शनिवार सोडून कधीही चालेल. डिस्पॅचवाला मात्र लगेच उत्तर देईल, कारण त्याच्याकडे संध्याकाळी सहा-साडेसहाला काय होतं ते त्याला रोज दिसतं. गाडी भरून उभी, ड्रायव्हर घाई करतोय, ट्रान्सपोर्टवाल्याचे फोन येतायत आणि इंटरनेट गेलेलं. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून व्यावसायिक गिऱ्हाइकाच्या बिलाला ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागतं. ५० हजारांच्या वरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन काढलेला कागद, लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा सर्वसाधारणपणे १ लाखाची आहे, पण आपला माल जातो हैदराबादला, बंगळुरूला, मुंबईच्या बंदरावर. कागद निघाला नाही तर गाडी हलत नाही. म्हणजे या कारखान्यातला सगळ्यात महत्त्वाचा संगणक मालकांच्या केबिनमध्ये नसून डिस्पॅचच्या त्या धुळकट टेबलावर आहे. दुसरी इंटरनेट लाइन, चांगला यूपीएस, जोडीला तयार ठेवलेलं दुसरं यंत्र, यातलं जे काही घ्याल ते आधी तिथे द्या.

दुसरा आठवडा: किल्ल्या गोळा करा

आता एक यादी बनवा. डोमेन, म्हणजे वेबसाइट आणि ईमेलच्या पत्त्यातलं कंपनीचं नाव, कुणाच्या नावावर आहे? ईमेलचा अ‍ॅडमिन कोण? टॅलीचं लायसन्स कोणत्या ईमेलला जोडलंय? राउटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, बोटाच्या ठशाचं हजेरी यंत्र, वेबसाइटचं होस्टिंग, जीएसटी पोर्टल, बँकेचे युजर, डिजिटल सहीचा टोकन, या प्रत्येकासमोर मालकी कुणाची, पासवर्ड कुणाकडे आणि मुदत कधी संपते, हे लिहा.

आपल्याकडे डोमेन बरेचदा वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर असतं. त्या माणसाने धंदा बंद केला किंवा भांडण झालं, की कंपनीचा ईमेलही गेला. त्याच्याशी संबंध गोड असतानाच डोमेन कंपनीच्या नावावर आणि कंपनीच्या ईमेलवर करून घ्या.

ओटीपीचा मुद्दा तर याहून जवळचा. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर सगळ्यांनाच द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवरचा ओटीपी, सक्तीची झाली. आता मूळ युजरला मोबाइल नंबर जोडलाय मालकांचा. जानेवारीत मालक होमटेक्सटाइलच्या प्रदर्शनासाठी फ्रँकफर्टला गेले, किंवा नुसते गड्ड्याच्या यात्रेतल्या गर्दीत अडकले, तरी इथे गाडी उभी राहते. उपाय साधा आहे: पोर्टलवर प्रत्येक काम करणाऱ्याचा वेगळा उप-युजर करा, त्याच्या स्वतःच्या मोबाइल नंबरासह. दोन माणसं तरी हवीत, म्हणजे एकाच्या रजेने काम थांबत नाही. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच दिवशी त्याचा युजर बंद करायचा, हा नियम एचआरला लेखी द्या.

सगळे मुख्य पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा आणि त्याची मुख्य किल्ली बंद पाकिटात मालकांच्या तिजोरीत द्या. तुम्ही स्वतः आजारी पडलात तरी कारखाना चालला पाहिजे, याची सोय तुम्हीच करायची आहे.

तिसरा आणि चौथा आठवडा: बॅकअप घेतला म्हणू नका, परत उभा करून दाखवा

या कामाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो आणि तुम्हीही द्या.

नियम जुना आणि चांगला आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक इमारतीच्या बाहेर. सोलापुरातल्या कारखान्यात बहुतेक वेळा एक पेन ड्राइव्ह असतो, तो मुनीमजींच्या ड्रॉवरमध्ये, आणि ड्रॉवर संगणकाच्याच टेबलाला. कापूस आणि सूत भरलेल्या इमारतीला आग लागली तर दोन्ही एकदम जातात. आगीची भीती आपल्या धंद्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही, म्हणून बाहेरच्या प्रतीचा मुद्दा मालकांना पटतो. ती क्लाउडवर ठेवा, किंवा दर आठवड्याला एक हार्ड डिस्क घरी जाईल अशी व्यवस्था लावा. खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करतो. त्यामुळे बॅकअप झाला की डिस्क यंत्रापासून काढायची, ती लावलेली ठेवायची नाही.

काय काय जपायचं? टॅली सगळ्यांना आठवतं. जेकार्डच्या, म्हणजे लूमवर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या, डिझाइन फाइली कुणाला आठवत नाहीत. चादरीवरच्या किंवा टॉवेलच्या काठावरच्या ज्या नक्षीवर तुमचं गिऱ्हाईक टिकून आहे, ती एका डिझायनरच्या संगणकात 'न्यू फोल्डर' नावाच्या फोल्डरमध्ये पडलेली असते. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, ते सगळ्या गावाचं. पण तुमच्या कारखान्याची वीस वर्षांची नक्षी ही तुमचीच पुंजी आहे, आणि ती गेली तर बाजारातून परत विकत मिळत नाही. या फाइली याच दोन आठवड्यांत एका सामायिक जागी आणा, गिऱ्हाइकाचं नाव आणि वर्ष घालून.

आता परत उभं करण्याची चाचणी. एक रिकामं यंत्र घ्या. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबलं की डेटाचा मेनू येतो, त्यात बॅकअप आणि रिस्टोअर दोन्ही आहेत. कालचा बॅकअप त्या यंत्रावर चढवा आणि मुनीमजींना शेजारी बसवा. त्यांना तीन गोष्टी तपासायला सांगा: शेवटच्या विक्री बिलाचा नंबर, ट्रायल बॅलन्सची बेरीज आणि एखाद्या काउंटच्या (जाडीच्या) सुताचा शिल्लक साठा. तिन्ही जुळले तर वहीत तारीख घालून त्यांची सही घ्या. जुळले नाहीत, तर तुमच्याकडे आजवर बॅकअप नव्हताच हे कळलं, आणि ते शांततेच्या दिवशी कळलं हे बरं झालं. ही चाचणी दर तीन महिन्यांनी करा.

यातून दोन आकडे हाती येतात. किती जुन्या डेटावर परत यावं लागेल आणि परत यायला किती तास लागतील. ते मालकांपुढे ठेवून विचारा, "एवढं चालेल का?" अकाउंट्सला एक दिवसाचं नुकसान चालत असेल तर रोज एक बॅकअप पुरे. डिस्पॅचला चालत नसेल तर तिथे जास्त खर्च. हा निर्णय धंद्याचा आहे. तो मालकांना घेऊ द्या आणि लिहून ठेवा.

वीज, ऊन आणि रुई

एप्रिल-मेमध्ये सोलापूर चाळिशी ओलांडतं. यूपीएसच्या नेहमीच्या सीलबंद बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंश धरून मोजलेलं असतं, आणि त्याच्या वर साधारण दर ८-१० अंशांना ते निम्म्यावर येतं. जिन्याखालच्या बंद खोलीत ठेवलेला यूपीएस कागदावर चार वर्षांचा असला तरी आपल्याकडे तेवढा टिकत नाही. मार्चमध्ये वीज मुद्दाम बंद करून बॅटरी खरोखर किती मिनिटं ओढते ते घड्याळ लावून बघा. टॉवेलच्या कारखान्यात हवेतली बारीक रुई पंख्यात जाऊन बसते आणि यंत्र तापून बंद पडतं. लूमच्या शेडमधल्या संगणकाची सफाई तेलपाण्याच्या वेळापत्रकातच घाला, म्हणजे मेंटेनन्सचा फिटर ती विसरत नाही.

दुसरा महिना: यंत्रांची यादी

आता संगणक मोजा. मॉडेल, वर्ष, प्रोसेसरची पिढी, विंडोजची आवृत्ती, लायसन्स खरं की नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे यादीत तीन ढीग पडतील: अपग्रेड होणारी, बदलायची आणि यंत्रांना जोडलेली. तिसरा ढीग नाजूक. लूम किंवा डाईंग मशिनचा कंट्रोलर जुन्या विंडोजवरच चालतो आणि मशिन बनवणारा नवी आवृत्ती देत नाही. अशा संगणकाला इंटरनेट देऊ नका, त्याचं नेटवर्क ऑफिसपासून वेगळं करा आणि त्यात कुणाचाही पेन ड्राइव्ह लावू देऊ नका. डिझाइन न्यायला एकच ठरलेला पेन ड्राइव्ह ठेवा.

चोरीचं सॉफ्टवेअर सापडलं तर यादीत स्पष्ट लिहा आणि बदलण्याचा खर्च शेजारी मांडा. लपवू नका, कारण उद्या व्हायरस त्याच वाटेने आला तर पहिला प्रश्न तुम्हालाच येणार.

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर आणखी एक बघायचं: १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. सीएंना विचारून टॅलीची योग्य आवृत्ती आहे ना, याची खात्री करा.

तिसरा महिना: पैशांची भाषा

मालकांकडे "सर्व्हर जुना झालाय" म्हणून जाल तर रिकाम्या हाताने परत याल. "गेल्या महिन्यात चार संध्याकाळी गाडी उशिरा सुटली" असं सांगा. त्यासाठी आधीपासून एक साधी नोंदवही ठेवा: काय बंद पडलं, किती वेळ, कुणाचं काम थांबलं. तीन महिन्यांची अशी वही कुठल्याही सादरीकरणापेक्षा जास्त काम करते.

खर्च तीन कप्प्यांत मांडा. आहे ते चालू ठेवण्याचा, आहे ते सुधारण्याचा आणि नव्या कामाचा. पहिल्या कप्प्याला हात लावायची परवानगी कुणालाच नको. कपात करायची झाली तर तिसऱ्यातून. आणि किंमत नेहमी पाच वर्षांची सांगा: लायसन्स, दर वर्षाचं नूतनीकरण, एएमसी (देखभालीचा वार्षिक करार), प्रशिक्षण, डेटा भरण्याची मजुरी. कोटेशनवरचा पहिला आकडा आणि पाच वर्षांची बेरीज यांत मोठा फरक असतो, आणि तो फरक कळल्यावर बऱ्याच खरेद्या आपोआप थांबतात.

चौथा आणि पाचवा महिना: ईआरपी घ्यायचं का?

ईआरपी म्हणजे ऑर्डर, उत्पादन, साठा आणि हिशेब एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर. हा प्रश्न येणारच, कारण शेजारच्या कारखान्याने घेतलेलं असतं. पहिल्या आठवड्यात लाल पेनाने केलेल्या खुणा बाहेर काढा. तिहेरी नोंद होणाऱ्या जागा दोन-तीनच असतील तर गेटवर एक संगणक आणि एक नीट बनवलेला फॉर्म पुरतो. ऑर्डर, लॉट, उत्पादन आणि साठा यांचा मेळ रोज बसत नसेल, निर्यातीचं गिऱ्हाईक लॉटचा माग मागत असेल, तेव्हा ईआरपीचा विचार करा.

विकणाऱ्याचा तयार डेमो बघून निर्णय घेऊ नका. आपल्या एका खऱ्या ऑर्डरचे कागद त्याला द्या आणि म्हणा, "ही ऑर्डर यात चालवून दाखवा. मध्ये दोनशे किलो सूत डाईंगमध्ये नापास झालं, ते परत रंगवायला गेलं, आणि बाकीचा माल अर्धा पाठवला." इथेच कळतं कुणाला आपला धंदा समजतो. वजनात घेतलेलं सूत, नगात मोजलेला टॉवेल आणि डझनात विकलेला माल, ही एककांची अदलाबदल न जमणारं सॉफ्टवेअर टेरी टॉवेलला चालत नाही.

सुरू करायची वेळ नीट निवडा. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, म्हणून युनिफॉर्मवाल्यांनी एप्रिल ते जून काही बदलू नये. मार्चअखेर कुणीच बदलू नये. कुठल्याही महिन्यात ११ आणि २० तारखेच्या आसपास, म्हणजे जीएसटीच्या विवरणपत्रांच्या दिवसांत, आणि पगाराच्या दिवशी नवं काही चढवायचं नाही. हाच नियम अपडेटलाही लावा: आधी एका यंत्रावर, दोन दिवस बघून मग बाकीच्यांवर. १९ जुलै २०२४ ला जगभर एकदम गेलेल्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पाडली होती. विमानतळांपासून हॉस्पिटलांपर्यंत सगळं अडकलं.

शिकवण्याचा वेळ मात्र कापू नका. सोलापूरच्या शेडमध्ये मराठीइतकीच तेलुगू आणि कन्नड चालते. शिफ्टच्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, त्याच्या भाषेत, त्याच्या मशिनशेजारी उभं राहून दाखवा. वर्गात पडदा लावून घेतलेल्या प्रशिक्षणातून त्याच्या हाती काही लागत नाही. प्रत्येक शिफ्टमधून एक चुणचुणीत माणूस निवडा, त्याला आधी शिकवा, बाकीचे त्याला विचारतील. पडद्यावरची बटणं कमी ठेवायला विकणाऱ्याला भाग पाडा.

करार लिहिताना

पुण्याहून माणूस यायला अडीचशे किलोमीटर. म्हणून करारात दोन वेळा वेगळ्या लिहा: फोनवर किती वेळात उत्तर आणि प्रत्यक्ष किती वेळात हजर. "९९ टक्के चालू राहील" हे ऐकायला छान वाटतं, पण वर्षात त्याचा अर्थ साडेतीन दिवसांहून जास्त बंद. ९९.९ टक्के म्हणजे पावणेनऊ तास. शेवटचं कलम सगळ्यात आधी वाचा: करार संपल्यावर आपला डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत परत मिळेल. हे लिहिलेलं नसेल तर सही नको.

सहावा महिना: वाईट दिवसाची तयारी

निर्यातदारांना सगळ्यात जास्त धोका साध्या ईमेलचा आहे. चोर आधी मेलबॉक्समध्ये शिरून पत्रव्यवहार वाचत बसतो, आणि पेमेंटच्या तोंडावर परदेशी गिऱ्हाइकाला आपल्या नावाने कळवतो की बँक खातं बदललंय. पत्ता हुबेहूब, फक्त एक अक्षर इकडचं तिकडे. प्रत्येक मेलबॉक्सला द्विस्तरीय पडताळणी लावा, डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कच्या नोंदी (आपल्या नावाने आलेला ईमेल खरा आहे का ते तपासायला मदत करणाऱ्या) करून घ्या, आणि गिऱ्हाइकांना आत्ताच लेखी कळवा की खातं बदलल्याची सूचना आम्ही कधीच फक्त ईमेलवर देणार नाही. आपल्या अकाउंट्सलाही तोच नियम: पुरवठादाराचं खातं बदललं तर जुन्या नंबरावर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत.

पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन, बँकेला फोन आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार. पहिल्या तासांत कळवलं तर रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता असते. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ठरावीक प्रकारचे सायबर हल्ले लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावे लागतात आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. राउटर आणि सर्व्हर एवढ्या नोंदी ठेवतात का, हे आजच बघा.

कामगारांच्या आधारच्या झेरॉक्स, बोटांचे ठसे, बँक खाती हाही वैयक्तिक डेटा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. या मुदतीत निदान एवढं करा: कुठला डेटा कुठे आहे त्याची यादी, नको असलेला नष्ट, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधारचे फोटो टाकणं बंद.

हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा: कोणाला फोन, कोणत्या क्रमाने, कोणती केबल काढायची, कोणतं यंत्र बंद करायचं नाही. नंबर रात्रीचे आणि सुट्टीचेही हवेत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले, त्यातला मोठा भाग शनिवारी.

आता एक पानाची योजना करता येते. वरती कारखान्याची येत्या वर्षाची दोन-तीन उद्दिष्टं मालकांच्या शब्दांत: अमुक देशात निर्यात वाढवायची, डाईंगमधलं नापास कमी करायचं. प्रत्येकाखाली आयटीने काय करायचं, किती पैसे, कुणाची जबाबदारी आणि कोणत्या महिन्यात. त्याखाली यंदा काय करायचं नाही त्याची यादी, कारणासह. दर महिन्याला पाऊण तासाची एक बैठक ठरवा, तीत मालक, मुनीमजी, उत्पादन आणि डिस्पॅचचा प्रमुख. अजेंडा तोच ठेवा: काय बंद पडलं, बॅकअपची चाचणी झाली का, खर्च कुठे आला, पुढच्या महिन्यात काय बदलणार.

आणि हाताखाली एक मुलगा किंवा मुलगी घ्या. गावात इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, विद्यापीठ आहे, हुशार मुलं भरपूर आहेत. दोन-तीन वर्षांत ती पुण्याला जातील, जाऊ द्या. पण प्रत्येक दुरुस्ती, प्रत्येक सेटिंग त्यांच्याकडून मराठीत वहीत लिहून घ्या, फोटोसकट, म्हणजे नंतर येणाऱ्याला पहिल्या दिवसापासून काम करता येईल.